चार वाजून सात मिनिटांनी आलेली मंजुरी

“म्हणजे मी स्वतःहून चाललोय, असं लिहू?”

हे विचारणारा माणूस सहा वर्षं माझ्या टीममध्ये होता. हिंजवडीतली एक कंपनी, सहावा मजला, एका नदीचं नाव दिलेली मीटिंग रूम. (मीटिंग रूमना नद्यांची नावं द्यायची तेव्हा फॅशन होती. मुळा-मुठेचं मात्र नाव कुठल्याच खोलीला नव्हतं.) तो, एचआरमधली एक तरुण मुलगी आणि मी असे तिघं बसलो होतो. टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा. डबा एचआरने आठवणीने मागवून घेतला होता. मी कंपनीच्या बाजूला बसले होते. काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही याचं एक पान मला आदल्या दिवशी मिळालं होतं. त्यात ‘काढणं’ हे क्रियापद कुठेच नव्हतं.

त्याच्या प्रश्नावर ती मुलगी म्हणाली, “‘पर्सनल रीझन्स’ लिहिलं तरी चालेल, सर.” ते ‘चालेल’ माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. जणू त्याने सवलत मागितली होती आणि आम्ही मोठ्या मनाने ती दिली.

बरोबर चारला त्याने मेल पाठवला. चार वाजून सात मिनिटांनी राजीनामा मंजूर झाल्याचा मेल गेला. माझ्या नावाने.

मराठीत नोकरीवरून काढलं की ‘नारळ दिला’ म्हणतात. या म्हणण्यात एक प्रामाणिकपणा आहे. नारळ देणारा हात कोणाचा आणि घेणारा कोणाचा, हे सगळ्या गावाला कळतं. आमच्या खोलीत आम्ही त्यालाच नारळ आणायला लावला, त्यालाच तो स्वतःच्या हातात ठेवायला लावला आणि वर शुभेच्छा दिल्या.

पुढे मीही ती नोकरी सोडली. माझा राजीनामा खराखुरा होता, त्यामुळे फरक मला ठाऊक आहे. मालकाच्या खोलीत, मालकाच्या माणसांसमोर, मालकाने घालून दिलेल्या मुदतीत जी सही होते, तिला कायद्याने राजीनामा मानूच नये, या मतावर मी आले आहे. माणूस त्या खोलीतून बाहेर पडून, चार दिवस घरी झोपून, मग मालकाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी जाऊन ‘होय, मला सोडायची आहे’ असं सांगेल, तेव्हाच तो राजीनामा. तोवर तो मालकाने लिहवून घेतलेला कागद.

शब्द आपलाच साक्षीदार आहे. ‘राजी’ अधिक ‘नामा’, म्हणजे राजी असल्याचा कागद. इथल्या जुन्या जमीन महसुलाच्या व्यवहारात राजीनामा आणि कबुलायत ही जोडी असे: एकाने राजीखुशीने जमीन सोडल्याचा राजीनामा लिहून द्यायचा आणि दुसऱ्याने ती पत्करल्याची कबुलायत. त्या कागदातून राजीपणा काढून घेतला तर मागे उरतो नुसता ‘नामा’.

आता कंपनीला या सहीचा एवढा सोस का, ते पाहू. कारण उघड आहे, पैसे. तरी आकडा समोर मांडल्याशिवाय ते पटत नाही. समजा एखाद्याचं वेतन महिना ८०,००० आहे आणि नोकरी ११ वर्षांची. कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत तो बसत असेल आणि मालकाला त्याची कपात करायची असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ढोबळ हिशोब केला तर ४०,००० गुणिले ११, म्हणजे ४ लाख ४० हजार. त्यात नोटिशीचे ८०,००० मिळवले की ५ लाख २० हजार. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेने भर घातली आहे: कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांचा पगार मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायचा, आणि ती रक्कम त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. आणखीही बंधनं आहेत. शेवटी आला तो आधी जाईल हा क्रम, सरकारला कळवणं, पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारणं.

कामगाराने स्वतःहून सोडलं तर यातलं काहीच लागू होत नाही. ‘पर्सनल रीझन्स’ या दोन शब्दांची किंमत त्या माणसापुरती साडेपाच लाखांच्या घरात जाते. अशी माणसं शेकड्यांनी असली की टिश्यूच्या डब्याचा खर्च अगदी किरकोळ वाटतो.

पैशांपेक्षाही मोठा फायदा दुसरा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. राजीनामा घेतला की काढलेल्यांची मोजदादच होत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसं, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आरोप केला की एकट्या पुण्यात सुमारे २,५०० जणांना राजीनामे द्यायला भाग पाडलं गेलं. कंपनीने तो आरोप फेटाळला. खरं कोण, याचा निकाल मी इथे बसून देणार नाही. पण निकाल द्यायचाच झाला तर सरकारी अधिकारी कोणता कागद तपासणार? प्रत्येक फाइलमध्ये राजीनामाच असणार. खुशीने गेलेला आणि रेटून घालवलेला, दोघांचे मेल अक्षरशः सारखे, कारण अशा वेळी मजकूरही बहुधा कंपनीच पुरवते. कपात झाली की नाही याचा पुरावा ज्या कागदात असायचा, तो कागदच पुरावा पुसून टाकतो.

दार क्वचितच किलकिलं होतं. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रातल्या एका एचआर अधिकाऱ्याचं एका कर्मचाऱ्याशी झालेलं संभाषण ध्वनिफितीतून बाहेर आलं. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर सेवासमाप्तीचं पत्र येईल, असा त्याचा आशय होता. आनंद महिंद्रांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच केलं. पण ते ऐकताना आयटीतल्या हजारो लोकांना धक्का बसला तो ‘असं घडतं’ याचा नव्हता, ‘हे रेकॉर्ड झालं’ याचा होता. मी तर ती फीत ऐकताना माझ्या त्या पानावरची वाक्यं ओळखत होते. शब्द वेगळे होते, क्रम तोच. आधी ‘कंपनीचा खर्च’, मग ‘निर्णय वरून आलाय’, मग ‘तुमच्याच भल्यासाठी’.

या ‘तुमच्याच भल्यासाठी’कडे नीट पाहायला हवं, कारण त्यात अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य खोडून काढायला वेळ लागतो. एचआर म्हणते, राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, रिलीव्हिंग लेटर मिळेल, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकणार नाही. टर्मिनेशन झालं तर जन्मभराचा डाग. ही भीती खरी आहे. घराचा हप्ता चालू असतो, मुलाची शाळेची फी भरायची असते, गावाकडे आईवडिलांनी ‘आमचा मुलगा अमुक कंपनीत आहे’ असं चार घरी सांगून ठेवलेलं असतं. ‘सोडली’ म्हणता येतं, ‘काढलं’ म्हणवत नाही. आपल्या समाजात नोकरी जाणं हा बाजारातला चढउतार मानत नाहीत, माणसातली खोट मानतात. एचआरला हे पक्कं ठाऊक असतं. अडला हरी कुठे अडलाय ते त्यांना आधीच माहीत असतं.

पण हा डाग लावतं कोण? जुन्या मालकाला फोन करून ‘तो कसा गेला’ हे विचारणाऱ्या कंपन्याच. सगळे मिळून एक शाई बनवतात आणि मग तुमच्या अंगावर ती न शिंपडण्याची किंमत मागतात. शिवाय हे खरोखरच तुमच्या भल्याचं असतं, तर घाई कशाला? भल्याच्या गोष्टीला उद्या सकाळी दहाची मुदत लागत नाही. आणि हो, नोटीस पिरियडचा विनोद राहिलाच. आपल्याकडच्या बहुतेक आयटी कंपन्यांत तुम्हाला सोडायचं असेल तर कंपनीला नव्वद दिवस आधी सांगावं लागतं, कारण कंपनीला तयारीला वेळ हवा असतो. कंपनीला तुम्हाला घालवायचं असेल तर तुमच्या वाट्याला संध्याकाळपर्यंतचा वेळ.

‘टर्मिनेशन’ या शब्दाची दहशतही बरीच फुगवलेली असते. ग्रॅच्युइटी जाईल, पीएफ अडकेल, असं गुळमुळीत बोललं जातं. पीएफ तुमचाच आहे, नोकरी कशीही जावो. पाच वर्षं पुरी झाली असतील तर ग्रॅच्युइटीही दोन्ही वाटांनी मिळते. ती जप्त करायला नुकसान, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशी ठरावीक कारणं लागतात. ‘प्रोजेक्ट नाही’ किंवा ‘रेटिंग कमी’ ही त्यातली नव्हेत. आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून कामगाराला बडतर्फ करायचं तर आधी चौकशी करावी लागते. म्हणजे ज्याची धमकी दिली जाते, तो मार्ग मालकालाच महागात पडतो. सोपा असता तर कंपनीने तोच धरला असता, खोलीत बोलावलंच नसतं.

तर मग त्या खोलीत बसलेल्या माणसाने करायचं काय? मी वकील नाही, पण टेबलाच्या पलीकडून पाहिलंय म्हणून सांगते. सगळ्यांत मोठी गोष्ट ही की त्या दिवशी, त्या खोलीत काहीही लिहायचं नाही. मेल नाही, पोर्टलवरचं बटण नाही, ‘मला सांगितलेलं समजलं’ अशा कागदावरही सही नाही. नकार देताना भांडायची गरज नसते. “तुम्ही म्हणताय ते मला लेखी द्या, मी घरी बोलून कळवतो” एवढं पुरे. आमच्या त्या पानावर रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते होतं, चिडणाऱ्याशी कसं बोलायचं तेही होतं. शांतपणे ‘लेखी द्या’ म्हणणाऱ्यासाठी मात्र ‘एचआर प्रमुखांना कळवा’ एवढीच एक ओळ होती. त्यावरून काय ते समजा.

मग त्याच रात्री स्वतःच्या खाजगी मेलवरून कंपनीला मेल पाठवायचा: आज अमुक वाजता, अमुक खोलीत, अमुक लोकांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, मला तो द्यायचा नाही, मी उद्या कामावर येतोय. तीन ओळी. विशेषणं नकोत. पुढे कधी वाद उभा राहिला तर दबाव सिद्ध करायचं ओझं बहुधा तुमच्यावरच येतं आणि दबाव काही ठसा ठेवून जात नाही. त्यामुळे घटनेच्या दिवशीच लिहिलेल्या तीन ओळी सहा महिन्यांनंतरच्या तीस पानी तक्रारीपेक्षा जड ठरतात. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, अप्रेझलची पत्रं आधीच घरी हवीत. लॅपटॉप परत घेतला की त्यातलं सगळं गेलं. (कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती चुकूनसुद्धा घरी न्यायची नाही. तेवढं निमित्त त्यांना पुरतं.)

सही होऊन गेली असेल तर? तरी सगळं संपलं असं नाही, पण वेळ फार थोडा असतो. पुढल्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा, तो लागू होण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या गोपालचंद्र मिश्र प्रकरणात सांगितलं. २०२४ मध्ये कोकण रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याला याचा फायदा मिळाला. त्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला होता आणि पुढच्या मे महिन्यात मागे घेतला. मंजुरी झाली होती असं रेल्वेचं म्हणणं. न्यायालयाने म्हटलं, ती तुमच्या अंतर्गत पत्रव्यवहारात होती, त्याला कळवलीच नव्हती. त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला, पण तोवर दहा वर्षं उलटली होती. प्रभा अत्री प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रुग्णालयातल्या एका डॉक्टरने निलंबनाला उत्तर देताना लिहिलं होतं की माझं म्हणणं पटत नसेल तर राजीनाम्याशिवाय मला गत्यंतर नाही. रुग्णालयाने तेवढ्यावरच राजीनामा मंजूर करून टाकला. असा उद्वेगाने लिहिलेला मजकूर म्हणजे राजीनामा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

हे निकाल वाचले तेव्हा मला आमच्या मंजुरीच्या मेलची घाई कळली. मी तेव्हा समजत होते की आम्ही तत्पर आहोत.

आयटीतल्या पुष्कळांचा इथे एक अडसर असतो. ‘कामगार आयुक्त? ते कारखान्यातल्या लोकांसाठी.’ स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याचं हे अजब वजन आहे. कायदा पगाराच्या आकड्याकडे किंवा ‘सीनियर असोसिएट’ या बिरुदाकडे आधी पाहत नाही. तुमचं मुख्य काम काय, हे पाहा, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीच्या प्रकरणात १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. दिवसभर कोड लिहिणारा, चाचण्या करणारा, तांत्रिक काम करणारा माणूस लाखभर पगार घेत असला तरी कामगार ठरू शकतो. मुख्यतः व्यवस्थापन किंवा प्रशासन करणारे या व्याख्येबाहेर पडतात, तसेच महिना १८,००० च्या वर घेणारे पर्यवेक्षकही. आत असाल तर संघटनेशिवाय एकट्यालाही समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ४५ दिवसांत तड लागली नाही तर थेट न्यायाधिकरणात. अर्ज करायची एकूण मुदत दोन वर्षांची, जुन्या कायद्यात ती तीन होती. व्याख्येबाहेर असलात तर बाजू लंगडी पडते हे कबूल करायला हवं. मग आधार १८७२ च्या करार कायद्याचा: दबावाने किंवा वरचढपणाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, असा करार रद्द ठरवून घेता येतो. पण अशा दाव्यात नोकरी परत मिळणं अवघड, मिळाली तर भरपाई.

राजीनामा कधीच देऊ नये असं मात्र मी म्हणत नाही. कंपनीचं मन उडालेलं असतं, तुमचंही. पुढची नोकरी हातात असते. दोन-तीन वर्षं तारखांना फेऱ्या मारण्याची ताकद सगळ्यांत नसते, आणि नसते म्हणून कोणी भित्रा ठरत नाही. अशा वेळी जावं, पण फुकट जाऊ नये. ती सही साडेपाच लाखांची आहे हे समोरच्याला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे हे त्याला कळू द्या. काही महिन्यांचा पगार, विमा आणखी काही काळ चालू ठेवणं, पत्रात काय लिहायचं ते आधी ठरवणं, हे सगळं लेखी मिळाल्यावर सही. संहितांनुसार शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, राजीनामा असला तरी. ‘एफ अँड एफ (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब) पंचेचाळीस दिवसांनी’ हे वाक्य ऐकून घ्यायची गरज उरलेली नाही.

पण हे सगळं एकेकट्या माणसाचं शहाणपण झालं. खोलीत बसलेल्या दहांपैकी एखाद्याला ते सुचेल. सार्वजनिक प्रश्न उरलेल्या नऊ जणांचा आहे.

या प्रश्नाला एक उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी मिळालं होतं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जाची खतं जाळली. त्यांचा राग त्या कागदांवर होता. अडलेल्या माणसाकडून अंगठा घेतलेला, आत काय लिहिलंय ते त्याला न कळलेला, पण न्यायालयात उभा राहिला की ‘तुझाच अंगठा ना?’ एवढंच विचारणारा कागद. दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या दोन गोष्टी मला आज कामाच्या वाटतात. एक, न्यायालयाने खतावर न थांबता त्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासायचा. दुसरी, शेतकऱ्याचं कर्जखत ग्रामनोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं पाहिजे, तसं नसेल तर ते पुराव्यात चालणार नाही. म्हणजे सावकाराच्या ओसरीवर घेतलेल्या अंगठ्याला किंमत नाही. तिसऱ्या माणसासमोर या.

त्या कायद्याने सावकारी संपली नाही, हेही खरं. तरी इंग्रज सरकारलाही एक गोष्ट पटली होती: दोन बाजूंची ताकद इतकी असमान असेल तर सही कोणाची यापेक्षा सही कुठे आणि कोणासमोर झाली हे विचारलं पाहिजे.

इटलीने हेच अलीकडे केलं. तिथे नोकरीवर घेतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करून घ्यायची वाईट प्रथा होती. बाई गरोदर राहिली की मालक खणातून तो कागद काढायचा आणि तारीख घालायचा. त्यावर उपाय म्हणून मार्च २०१६ पासून नियम आला की राजीनामा कामगाराने सरकारी संगणक प्रणालीतूनच द्यायचा. स्वतः, किंवा कामगार संघटनेसारख्या ठरवून दिलेल्या संस्थेच्या मदतीने. एरवी मालकाला दिलेला कागद निरर्थक. शिवाय सात दिवसांत तो मागे घेता येतो.

आपल्याकडे हे अशक्य का असावं? श्रम हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही यादीत आहे. पीएफसाठी प्रत्येकाचा यूएएन क्रमांक आहे, तो आधारला जोडलेला आहे. ओटीपी तर भाजीवालाही वापरतो. राजीनामा त्या क्रमांकावरून, स्वतःच्या मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदवायचा आणि सात दिवस कच्चा राहू द्यायचा. त्या सात दिवसांत मालकाची मंजुरी लागूच होणार नाही. एका महिन्यात एकाच कंपनीतून ठरावीक संख्येच्या वर राजीनामे आले तर कामगार विभागाला आपोआप कळेल आणि हे खुशीचे आहेत हे दाखवायची जबाबदारी कंपनीची राहील. मला यातलं हे शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्याने मोजदाद परत येते. फोन हातात देऊन ‘आत्ता ओटीपी सांग’ म्हणणारे निघतीलच. ते मी गृहीत धरते. सात दिवस त्यासाठीच आहेत.

यावर माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाने चिडून विचारलं, “चाळीस माणसांची कंपनी आहे माझी. मोठा ग्राहक गेला तर मी काय करू? बुडू?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर त्याला आवडलं नाही. माणसं कमी करायचा हक्क कायद्याने त्याच्याकडून काढून घेतलेला नाही. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर नव्या संहितेत सरकारची परवानगीही लागत नाही. नोटीस द्या, पैसे मोजा, ‘ग्राहक गेला म्हणून कपात’ असं पत्रात लिहा. तेवढं लिहिलेलं पत्र घेऊन तो माणूस पुढच्या मुलाखतीत ताठ मानेने बसेल. उद्योजक म्हणाला, “पण बाजारात माझं नाव जाईल ना, की हा माणसं काढतो.” म्हणजे डागाची भीती त्यालाही आहे. फक्त तो डाग दुसऱ्याच्या सदऱ्यावर ढकलायची सोय त्याला हवी आहे.

मागच्या वर्षी, माझ्या टीममधल्या त्या जुन्या सहकाऱ्याचा बऱ्याच काळाने फोन आला. आता तो एका दुसऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. आधी मुलांची चौकशी, मग पावसाची. मग म्हणाला, “मॅडम, उद्या मला खोलीत बसायचंय. तीन जण आहेत. तुम्हाला तेव्हा ते एक पान दिलं होतं ना, त्यात काय काय होतं?”

मी त्याला सांगितलं, पान राहू दे, त्यांना एवढंच म्हण की आज काही लिहून देऊ नका, घरी जाऊन या.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मॅडम, मग परवा मला बोलावतील.”